उंटाचा प्रश्न

सोमवार, २ सप्टेंबर

पुन्हा तेच. सकाळी दादाने विचारलं, "भिंगरी, परिषद कधी आहे?" सांगितलं, पुढच्या आठवड्यात. त्याने चहा संपवला, कप धुतला, पालथा घातला, आणि वळून विचारलं, "परिषद कधी आहे?"

मी साठी ओलांडली तरी त्याची भिंगरीच. ते नाव अजून विसरला नाही, तेवढं बरं.

संध्याकाळी पुतणीचा फोन. "आत्या, बाबांना नेऊ नकोस. शोभा होईल. लोक हसतील." म्हटलं, कुठले लोक? काचवाले? त्यांना दुसऱ्याचं ऐकायची सवय असती तर हसले असते! ती म्हणाली, "तू कायम चिडूनच बोलतेस." दातांची डॉक्टर आहे ती. डोक्यातलं मला शिकवते.

फोन ठेवल्यावर मात्र निमंत्रणाचं पत्र काढून पुन्हा वाचलं. वर्षापूर्वी निमंत्रण आलं तेव्हा दादा बरा होता. म्हणजे किल्ल्या हरवायचा, एवढंच. जगभरच्या काचवाल्यांची, म्हणजे काचेवर संशोधन करणाऱ्यांची, ही परिषद ज्यांनी सुरू केली त्यांतला तो एकटाच उरलाय, म्हणून या वेळी समारोपाचं व्याख्यान त्याचं. होकार त्याने स्वतः कळवला. मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर हा घड्याळाच्या काचेवर अर्धा तास बोलला. फार सुंदर बोलला. काटे काढायचे राहिले.

आणि व्याख्यानाचा विषय काय? 'काचेची आठवण'! देवाला विनोदबुद्धी आहे, पण हलक्या दर्जाची.

बुधवार, ४ सप्टेंबर

नवं व्याख्यान होणार नाही. आज खात्री पटली.

तीन वर्षांची माझी मोजमापं आहेत, नवी कोरी. काल त्याच्यासमोर सगळे आलेख मांडले. लक्ष देऊन बघितलं त्याने, एक प्रश्नही असा विचारला की उत्तरासाठी मला जुन्या वह्या काढाव्या लागल्या. वाटलं, जमेल! आज सकाळी तेच कागद त्याच्यासमोर ठेवले. "हे कोणी मोजलं?" मी म्हटलं, मी. "छान मोजलंयस." काल काही घडलंच नव्हतं.

नंतर तो दाढी करत होता आणि आतून आवाज आला. "वितळलेला रस झटकन गार झाला की अणूंना रांगेत उभं राहायला सवड मिळत नाही. जो जिथे असेल तिथेच थिजतो. संगीतखुर्चीतलं संगीत थांबावं, तसं. फक्त इथे खुर्च्या नसतात." मी हातातलं काम सोडून दाराशी उभी राहिले. थांबलाच नाही. काच किती घाईने गार झाली, किती सावकाश निववली, हे सगळं तिच्या अंगात कसं राहतं, पुन्हा तापवली की तिच्या वागण्यातून ते कसं दिसतं, असं सगळं ओळीने. जिथे विनोद होता तिथे थांबला. लोकांना हसायला वेळ दिला. मग पुढे.

बारा वर्षांपूर्वीचं व्याख्यान. याच परिषदेत दिलेलं. शब्द न् शब्द.

कालचे आलेख गेले आणि हे राहिलंय.

गुरुवार, ५ सप्टेंबर

ठरवलं. जुनंच द्यायचं.

पडद्यावर दाखवायच्या पाट्या, म्हणजे स्लाइडी, मी बदलते आहे. पाठीमागचा निळा रंग काढला, पांढरा केला. तारीख नवी. शीर्षकात एक शब्द इकडचा तिकडे. झालं नवं व्याख्यान! बाकीचे तरी वेगळं काय करतात? एक गृहस्थ गेल्या चार परिषदांत एकच आलेख दाखवतायत, फक्त दर वेळी टाय वेगळा. दुसऱ्या एका बाईंनी मागच्या वेळी मागल्याच्या मागल्या परिषदेचा आभाराचा कागद वाचला, वारलेल्या माणसाचे आभार मानले, आणि टाळ्या पडल्या. या लोकांना कळणार? एक तृतीयांश झोपतात, एक तृतीयांश स्वतःच्या पाट्या दुरुस्त करतात, उरलेले बाहेर बिस्किटांपाशी. या जमातीच्या बेपर्वाईवर मी माझ्या भावाची अब्रू लावते आहे. त्याहून भक्कम काही दिसत नाही.

भीती आहे ती प्रश्नोत्तरांची. व्याख्यान पाठ आहे, प्रश्न कसे पाठ असणार? आणि प्रश्न टाळता येत नाहीत. नियम दादाचाच. "प्रश्न नसतील तर ते व्याख्यान नाही, प्रवचन." आमचेच दात, आमचेच ओठ.

कोणाला आधी सांगून ठेवावं का? नको. सांगितलं की चेहरे मऊ करतील, मान तिरपी करतील, माझ्या दंडावर हात ठेवतील. तो हात मला सहन होणार नाही. दादाने त्या मंचावरून दादा म्हणूनच उतरायला हवं. शेवटचं एकदा. बाकी मला काही नको.

अडलाच तर मी उठून उत्तर देईन. आयुष्यभर त्याच्या प्रयोगांची मोजमापं केली, एक उत्तर नाही देता येणार?

रविवार, ८ सप्टेंबर

पोचलो. वहिनी असती तर बॅग नीट भरली असती. मी त्याचे सगळे मोजे डाव्या कप्प्यात भरले आणि तो उजव्यात शोधत बसला.

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्याने पाण्याचा पेला उचलला, खिडकीशी धरला, फिरवला. "रेघा आहेत. घाईने ओतलाय." खरंच होत्या. मला चष्मा लावूनही पटकन दिसल्या नाहीत.

मग विचारलं, "आपण कुणाच्या घरी आलोय?"

सोमवार, ९ सप्टेंबर

उद्घाटन. नेहमीची जत्रा. गळ्यात नावाच्या पाट्या, खांद्यावर पिशव्या, तोंडभर हसू. 'किती वर्षांनी!' म्हणत मिठी मारायची आणि मिठीतूनच पलीकडे कोण मोठा माणूस दिसतोय ते बघायचं.

दिवसाची करमणूक म्हणजे एक तरुण विद्वान काचेच्या दारावर आपटला. सरळ, नाकावर. काचेच्या परिषदेला आलेला काचशास्त्रज्ञ! हा सगळी काच संगणकात बनवतो. हातात कधी धरली नसावी. नाकावर पट्टी लावून दुपारी व्यासपीठावर उभा होता, 'पृष्ठभागाचे गुणधर्म' सांगत. तो मला आता पट्टीवाला म्हणूनच लक्षात राहणार.

यंदाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे माझी घंटाबाई. वेळ संपली की वक्त्यासमोर वाजवायची ती काचेची घंटा यांच्या ताब्यात असते आणि ती वाजवण्यात त्यांना परमानंद. आज तिघांना वाक्याच्या मध्ये तोडलं. घंटा मुळात आमच्याच भट्टीतली, पहिल्या परिषदेसाठी दादाने ओतलेली. पहिली तडकली होती. दुसरी मी सावकाश निववली, म्हणून ती अजून वाजते आहे. हे आता कोणाला ठाऊक आहे?

आणि उंट आलाय. म्हटलं, हा अजून मेला कसा नाही.

उंट म्हणजे कोण हे वहीला सांगायला नको, पण राग काढायला लिहिते. उंच, लांब मानेचा, कायम पहिल्या रांगेत. व्याख्यान संपलं की मान वर येते. "प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे." मग दहा मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल. बारा वर्षांपूर्वी दादाच्या त्याच व्याख्यानानंतर हा उठला आणि भर सभागृहात म्हणाला, "ही आठवण काचेची, की तुमच्या भट्टीची?" म्हणजे आमची भट्टी बिघडलेली, मोजमापं खोटी. माझी मोजमापं! दादाने तिथल्या तिथे असं उत्तर दिलं की सभागृह हसून हसून लोळलं आणि उंटाचे कान लाल झाले. तेव्हापासून आमचा एक लेख सुखासुखी छापून येऊ दिला नाही त्याने. प्रत्येक लेखावर शंका, प्रत्येक आकड्यावर खुसपट. उंटावरचा शहाणा निदान वरून सल्ला देतो. हा उंट स्वतःच शहाणा.

मंगळवार, १० सप्टेंबर

सकाळी 'काच म्हणजे काय' ही समिती बसली. कित्येक परिषदा बसतेच आहे. आयुष्य काचेवर काढलेली चाळीस माणसं, आणि काच म्हणजे काय यावर एकमत नाही. आजचा वाद, व्याख्येत 'द्रव' शब्द ठेवायचा की नाही. एक जण रागाने उठून गेला आणि पाच मिनिटांनी पिशवी विसरली म्हणून परत आला. ठराव असा झाला की पुढच्या परिषदेत ठरवू. दादा माझ्या कानात म्हणाला, "हे अजून गार होतायत." मी इतकी जोरात हसले की घंटाबाईंनी वळून बघितलं. असा एखादा क्षण येतो आणि वाटतं, काही झालेलंच नाही, डॉक्टरच मूर्ख आहे.

चहाच्या सुट्टीत जीव टांगणीला. पाणी आणायला गेले तेवढ्यात उंटाने दादाला गाठलं. मी लोकांतून वाट काढत येते तोवर दादा विचारत होता, "तुमची पाठदुखी कशी आहे?" उंटाने सविस्तर सांगितलं. कुठे दुखतं, कोणता डॉक्टर, कोणता पट्टा, जिना चढताना काय होतं. दादाने मान हलवली. बिस्किट खाल्लं. "आणि तुमची पाठदुखी कशी आहे?" मी हातातलं पाणी दादाच्या पुढे केलं. उंटाने पुन्हा सगळं सांगितलं, तोच डॉक्टर, तोच पट्टा, तोच जिना. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं!

वाचलो. स्वतःबद्दल बोलायला मिळालं की या माणसाला समोरचा काय विचारतोय याचं भानच राहत नाही. आत्मप्रौढीचे असेही उपयोग असतात.

बुधवार, ११ सप्टेंबर

आज दादा हरवला.

मी पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, एका बाईशी भट्टीच्या विटांबद्दल बोलत होते. वळून बघते तर खुर्ची रिकामी. पहिलं सभागृह बघितलं, दुसरं बघितलं. पोस्टरांच्या दालनातून धावले तेव्हा लोक बघायला लागले. बघेनात का. स्वच्छतागृहाच्या दाराशी उभी राहून 'दादा, दादा' हाका मारल्या, या वयात. बाहेरचा रस्ता डोळ्यांसमोर आला. गाड्या. मी पुतणीचा नंबर लावायला निघाले होते.

तळमजल्यावर एका रिकाम्या खोलीत सापडला. शेजारी उंट! दोघं आरामात बसलेले. दादा हातवारे करून बोलतोय, उंट ऐकतोय. मला बघून उंट उठला. "काळजी करू नका, हे माझ्याबरोबर होते. जरा चर्चा करत होतो." चर्चा! मला सांगायची तसदी नाही. एकट्या म्हाताऱ्याला कोपऱ्यात गाठून त्याच्याकडून काही उकळता येतं का ते बघत असणार. व्याख्यानाच्या आधीच शस्त्रं पाजळतोय. मी म्हटलं, "मला विचारायचं होतंत." तो म्हणाला, "चुकलं." वर लांब मान खाली घातली, नाटकी!

खोलीत आल्यावर दादाला विचारलं, काय बोलत होतास त्याच्याशी? "कोणाशी?"

संध्याकाळी घंटाबाई आमच्या टेबलाशी आल्या. सरांना मंचावर खुर्ची हवी का, पाणी कोमट चालेल का. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परवा व्याख्यानाला गर्दी फार असेल. प्रश्न मी ओळखीच्या जुन्या लोकांनाच देईन. माइक फिरवण्यात वेळ जातो." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी म्हटलं, तुमची परिषद, तुम्ही ठरवा. आपापल्या कंपूला माइक द्यायचा आणि त्याला वेळेचं कारण लावायचं! जुने लोक म्हणजे उंटच की. म्हणजे उंट पहिल्यांदा उठणार.

त्यांना आताच सांगून टाकावं असं एक क्षण वाटलं. पण मी दादाचा हात धरून खोलीकडे वळले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दिवसभर त्याला खोलीत ठेवलं. दोनदा सगळं म्हणून घेतलं. दोन्ही वेळा न चुकता. तिसऱ्यांदा म्हण म्हटलं तर म्हणाला, "भिंगरी, तू घाबरली आहेस." हो, म्हटलं. "कशाला?" काही नाही, म्हटलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

झालं! सगळं लिहून काढते.

सभागृह गच्च. उभी माणसं. इतकी गर्दी मी या परिषदेत बघितली नाही. शेवटच्या दिवशी तर लोक विमानतळावर असतात. मी पहिल्या रांगेत कडेला बसले, अडला तर उठता यावं म्हणून. राखाडी कोट, वहिनीने घेतलेला टाय. दादा मंचावर गेला, पेला उचलला, उजेडाकडे धरला, ठेवला. लोक हसले. आणि त्याने सुरुवात केली.

काय बोलला! आवाज तोच. तेच शब्द, पण शिळे वाटले नाहीत. संगीतखुर्ची आली, थिजलेले अणू आले. मी ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होते. विनोदाशी थांबला, लोक हसले, पुढे गेला. मी हळूच मागे वळून बघितलं. सगळे टक लावून बघतायत. एकाच्याही कपाळावर आठी नाही, एकही शेजाऱ्याच्या कानाशी लागत नाही. बारा वर्षांपूर्वी हेच ऐकलेली निम्मी डोकी तिथे बसली होती आणि कोणाच्या काही लक्षात नाही! पालथ्या घड्यावर पाणी. इतका आनंद मला यांच्या मूर्खपणाचा कधी झाला नव्हता.

मग तो थांबला.

निववण्याचा भाग संपला होता. पुढची पाटी आली. त्याने तिच्याकडे बघितलं, बघत राहिला. बटण मागे दाबलं. आणि निववण्याचा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. शब्दशः. मी खुर्चीच्या कडेवर सरकले. उठू? उठून काय सांगू? पण सभागृहात खोकलासुद्धा नाही. तोच विनोद पुन्हा आला. आणि लोक पुन्हा हसले! मेंढरं. हात वर केला की हसतात. या वेळी तो पुढच्या पाटीवर गेला आणि शेवटापर्यंत पोचला. वेळ केव्हाच संपली होती. घंटाबाईंची घंटा काही वाजली नाही. म्हटलं, डुलकी लागली असेल बाईंना.

टाळ्या. मग घंटाबाई म्हणाल्या, "प्रश्न?"

उंटाची मान वर आली. मला वाटलं, आता संपलं. एवढ्या तयारीने आला असणार. तो उठला, पाठीला हात लावून. या वेळी टिप्पणी वगैरे काही नाही. म्हणाला, "माझा एक प्रश्न आहे. ही आठवण काचेची, की तुमच्या भट्टीची?"

माझा कानांवर विश्वास बसेना. तोच! शब्द न् शब्द तोच! बारा वर्षांत या माणसाच्या टाळक्यात दुसरा प्रश्न उगवला नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पण दादा उजळला. चेहरा असा झाला की मला तो तरुण दिसला. काठड्यावर हात ठेवून पुढे झुकला आणि म्हणाला, "भट्टीची आठवण माझ्या बहिणीकडे असते, आणि तिला फक्त माझ्या चुका लक्षात राहतात. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीये." मागच्या वेळी मी तिसऱ्या रांगेत होते. या वेळी त्याने बोट दाखवलं तिथे तो पट्टीवाला बसलेला. त्याने काय करावं? सरळ उठला, नाकावरच्या पट्टीसकट चारी बाजूंना लवून नमस्कार केला, आणि बसला. सभागृह हसून कोसळलं. दादाही हसला. या लोकांना मिरवायला निमित्तच हवं. पण चालून गेलं.

मग दादाने खरं उत्तर दिलं. वेगवेगळ्या तऱ्हेने निववलेल्या काचा एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या. भट्टी बोलत असती तर सगळ्या एकच गोष्ट बोलल्या असत्या. पण प्रत्येकीने आपापली सांगितली. उंट उभाच. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते आणि हा मान हलवत उभा. म्हणाला, "माझं समाधान झालं." बसला. दुसऱ्यांदा तोंडावर आपटला, तेही त्याच जागी.

आणखी दोघांनी विचारलं. दादाने दोन्ही उत्तरं फडाफड दिली. मलाच आश्चर्य वाटलं. मग सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. दादा मंचावर उभा, हात कुठे ठेवायचे ते कळत नसलेला, माझा भाऊ.

मी रडले. लिहायला हरकत नाही, इथे कोण बघतंय.

रात्री जेवताना घंटाबाई, हा, ती, सगळे येऊन सांगून गेले, 'नवी दृष्टी मिळाली', 'आज पहिल्यांदा समजलं'. पहिल्यांदा! मी गोड हसून ऐकून घेतलं. पुतणीला फोन केला. "कसं झालं आत्या?" उत्तम. कोणालाही कळलं नाही. ती म्हणाली, "एवढ्या हुशार माणसांत? कोणालाच?"

म्हटलं, तुला या लोकांची कल्पना नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

हॉटेलच्या दाराशी गाडीची वाट बघत होतो. उंट आला, दादाची बॅग उचलायला वाकला, पाठीत कळ आली तरी उचलली. मला राहवलं नाही. जिंकलेल्या माणसाला जिभेवर ताबा नसतो. म्हटलं, "इतक्या वर्षांत दुसरा प्रश्न सुचला नाही का हो तुम्हाला?"

तो म्हणाला, "सुचले होते. पण त्यांची उत्तरं तुमच्या दादांना पाठ नव्हती ना."

बॅग त्याने दुसऱ्या हातात घेतली. तोच पुढे म्हणाला, "बुधवारी रस्त्यावर सापडले मला. खाली बसवलं, तर पूर्ण व्याख्यान म्हणून दाखवलं. ते व्याख्यान मी विसरेन का? मग त्या वेळी हजर असलेले आम्ही पाच-सहाजण बसलो, कोणी काय विचारलं होतं ते जुळवलं. अध्यक्षीणबाई होत्याच. घंटा त्यांनी खोलीवरच ठेवली, आणि बाकीच्यांच्याही कानावर घातलं." आणि जरा थांबून, "तुम्ही सांगाल अशी वाट बघत होतो."

आभार मानायला हवे होते. लाजेने मान वर होईना.

गाडी आली. दादाने त्याच्याकडे बघितलं आणि आपुलकीने विचारलं, "तुमची पाठदुखी कशी आहे?"

उंटाने बॅग खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.